मेंदूचे नव्वद टक्के कुठेही पडून नाहीत

'सामान्य माणूस मेंदूचा फक्त 10 टक्के वापर करतो, हे आइनस्टाइननेही सांगितलं होतं. उरलेले 90 टक्के आयुष्यभर झोपलेले असतात. रोज सकाळी डोळे मिटून आपलं यश डोळ्यांसमोर आणा, 21 दिवसांत ही सुप्त शक्ती जागी होईल.' शब्द थोडेफार इकडेतिकडे होतात, कधी सोबत रंगीत मेंदूचं चित्र असतं, कधी शेवटी एखाद्या शिबिराची जाहिरात. मेसेजचा मजकूर मात्र हाच, आणि तो वर्षानुवर्षं फिरतोय. पाठवणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो. खचलेल्याला उभारी देणारं वाक्य आहे, म्हणून ते खोडून काढायला लोक कचरतात. पण त्यातला दावा न् दावा चुकीचा आहे.

आधी आइनस्टाइनला यातून मोकळं करू. तो असं कुठे बोलल्याचा किंवा त्याने लिहिल्याचा पुरावा आजवर कुणी दाखवलेला नाही. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1907 साली एवढंच लिहिलं होतं की, आपण आपल्या शारीरिक आणि मानसिक बळाचा थोडाच भाग कामी लावतो. टक्केवारी त्यात नव्हती. 1936 साली डेल कार्नेगी यांच्या गाजलेल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लॉवेल थॉमस यांनी जेम्स यांच्या नावावर 'दहा टक्के' टाकले. तेही सुप्त क्षमतेचे. पुढे क्षमतेच्या जागी मेंदू कधी आला, कुणाच्या लक्षातही आलं नाही. (आकडा घातला की वाक्याला वजन येतं, हे जाहिरातवाल्यांना शिकवावं लागत नाही.)

आता मुख्य दावा: 90 टक्के मेंदू झोपलेला असतो. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के, पण आपण नुसते पडून असतानाही शरीराच्या एकूण ऊर्जेतला जवळपास 20 टक्के वाटा तो एकटा खातो. बिनकामाच्या अवयवावर एवढा खर्च उत्क्रांतीने लाखो वर्षं चालू ठेवला असता, हे मानायला फार मोठी श्रद्धा लागेल. बरं, रात्री तरी हा कारभार थांबतो का? तर तेही नाही. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदूचा ऊर्जावापर जागेपणीच्या जवळपास पोचतो.

त्याहून सरळ पुरावा रुग्णालयात मिळतो. दहातले नऊ भाग खरंच रिकामे असते, तर पक्षाघाताचे बहुतेक झटके आले नि गेले, कळलंही नसतं. प्रत्यक्षात लहानशा भागाचा रक्तपुरवठा तुटला तरी कुणाची वाचा जाते, कुणाचा हात लुळा पडतो. 1861 साली पॅरिसमध्ये डॉक्टर पॉल ब्रोका यांनी असाच एक रुग्ण तपासला. समोरच्याचं बोलणं त्याला बऱ्यापैकी कळायचं, पण उत्तरादाखल तोंडातून 'टॅन' एवढाच उच्चार निघायचा. मृत्यूनंतर पाहिलं, तर मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात पुढच्या बाजूला इजा होती. पुढे मॉन्ट्रियलमध्ये मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड अपस्माराची (फिट येण्याच्या आजाराची) शस्त्रक्रिया करताना रुग्णाला जागं ठेवत आणि कापण्याआधी मेंदूच्या पृष्ठभागावर सौम्य विद्युतप्रवाह लावून कुठली जागा काय करते ते पाहत. हा सगळा खटाटोप कशासाठी? कुठेही बिनधास्त कापावं असं समजून चालत नाही, म्हणूनच.

यावर हमखास येणारा प्रश्न: काही मुलांचा अर्धा मेंदू काढूनही ती चालतात-बोलतात, त्याचं काय? खरं आहे ते, आणि थक्क करणारंही. लहान वयात उरलेला भाग बरीच कामं अंगावर घेतो. पण फुकटात नाही. विरुद्ध बाजूच्या हाताच्या बोटांचं नाजूक काम सहसा जातं, आणि दोन्ही डोळ्यांना त्या बाजूचं दिसेनासं होतं.

रंगीत चित्राबद्दल थोडक्यात. स्कॅनमध्ये लालपिवळे ठिपके दिसतात, म्हणून बाकीचा मेंदू बंद आहे असं वाटतं. ते ठिपके म्हणजे वजाबाकी असते: काम करतानाच्या नोंदीतून आरामाच्या वेळची नोंद वजा करून उरलेला फरक रंगवलेला असतो. जे दोन्ही वेळा चालूच होतं, ते चित्रात येतच नाही. एखाद्या कामासाठी लागणारी जास्तीची ऊर्जा ही मूळ खर्चाच्या साधारण 5 टक्क्यांहूनही कमी असते, हे मार्कस रायकल यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवलंय. आणि सगळ्या पेशी एकाच वेळी पेटाव्यात अशी कुणाची इच्छा असेल, तर बाबा रे, नको. असंख्य पेशी एकदम, एका तालात पेटतात तेव्हा अपस्माराचा झटका येतो.

इथवर आलं की माघार घेतली जाते: 'मेंदू राहू द्या हो, मनाच्या क्षमतेबद्दल बोलतोय आम्ही.' ठीक. माणूस आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त करू शकतो, यात वादच नाही. वाद आहे तो एकदा जागी झाली की सगळीकडे कामी येणारी 'शक्ती' कुठेतरी साठून आहे, या समजाशी.

मानसशास्त्रातलं एक गाजलेलं उदाहरण बघा. 1980 साली अँडर्स एरिक्सन, विल्यम चेस आणि स्टीव्ह फॅलून यांनी एका सामान्य बुद्धीच्या विद्यार्थ्याची हकीकत प्रसिद्ध केली. सुरुवातीला त्याला एकामागून एक ऐकवलेले साधारण सात अंक लक्षात राहायचे, म्हणजे तुमच्याआमच्याइतकेच. दीड वर्षाच्या काळात 230 तासांहून जास्त सराव केल्यावर तो 79 अंक बिनचूक सांगू लागला. मेसेजवाल्यांना हवाय तो चमत्कार हाच! पण जमलं कसं? गडी धावपटू होता. 3492 असं ऐकलं की तो ते '3 मिनिटं 49.2 सेकंद, मैलभराच्या शर्यतीची चांगली वेळ' असं डोक्यात ठेवायचा. जिथे शर्यतीची वेळ जुळत नसे, तिथे कुणाचं तरी वय. मग अशा तुकड्यांचे गट, गटांचे गट. आणि मग त्याला अंकांऐवजी अक्षरं ऐकवली. लक्षात राहिली किती? सहाच्या आसपास. सगळी कमाई अंकांपुरती होती. स्मरणशक्ती नावाचं भांडं मोठं झालंच नव्हतं.

मेंदूला धार लावणाऱ्या खेळांचंही तेच. 2010 साली एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी 11,430 जणांना सहा आठवडे असे खेळ ऑनलाइन खेळायला दिले. जो खेळ खेळले त्यात माणसं तरबेज झाली, पण त्या खेळांशी मिळत्याजुळत्या चाचण्यांतही त्यांची म्हणावी अशी प्रगती दिसली नाही.

21 दिवसांचा आकडा तर चटकन निकालात निघतो. लंडनमध्ये फिलिपा लाली यांच्या गटाने 96 लोकांना नवी सवय लावताना पाहिलं आणि निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले. सवय अंगवळणी पडण्याच्या काळाचा मध्यक (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) निघाला 66 दिवस, आणि माणसागणिक अंदाज 18 पासून 254 पर्यंत गेला. एखादा दिवस चुकला म्हणून फार काही बिघडलं नाही, हे त्यातलं मला सगळ्यात उपयोगी वाटतं. ते मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

डोळे मिटून यश पाहण्याचं काय? लियन फाम आणि शेली टेलर यांनी 1999 साली परीक्षेच्या तोंडावर विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी रोज चांगले गुण मिळाल्याचं दृश्य डोळ्यांसमोर आणायचं, काहींनी आपण अभ्यासाला बसलोय, पुस्तक उघडलंय, असं चित्र. दुसऱ्या गटाने जास्त अभ्यास केला आणि गुणही जास्त मिळवले. तेव्हा कल्पना जरूर करा, पण सत्कार समारंभाची नको, टेबलाची करा.

आणि टेबलाशी बसल्यावर? पुन्हा पुन्हा वाचण्याऐवजी पुस्तक मिटून आठवून पाहा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या 2006 सालच्या प्रयोगात एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर वाचणारे पुढे होते. आठवड्याने वाचणाऱ्यांना 40 टक्के मजकूर आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. हे वाचणं-लिहिणं आटोपल्यावर लगेच दोन्ही गटांना विचारलं होतं, आठवड्याने किती आठवेल असं वाटतं? तेव्हा जास्त खात्री चार वेळा वाचलेल्यांनाच होती.