झपतालाची अकरावी मात्रा

आमच्या धरमपेठेतल्या सोसायटीत कोजागरीला दूध आटेपर्यंत लोकांना गाण्यांनी धरून ठेवावं लागतं. यंदा समितीनं ठराव केला: स्वागतगीत नवं, चाल एआयची. पेटी माझ्या घरी, म्हणून काम माझ्या गळ्यात. (पेटी बाळगणं हा आमच्याकडे गुन्हाच.)

मी साधंच मागितलं. राग भूप, झपताल, भातखंडे पद्धतीनं स्वरलेखन. उत्तर काय झोकात आलं! मध्यम-निषाद वर्ज्य, वादी गंधार, संवादी धैवत; झपतालाच्या मात्रा १०, पहिली मात्रा सम, विभाग २-३-२-३. सगळं बरोबर. लेखी परीक्षेत पहिला आला असता. खाली प्रत्यक्ष चाल: पहिल्या ओळीत ११ मात्रा आणि तिसरीत ठसठशीत मध्यम.

चूक दाखवली. ‘अगदी अचूक निरीक्षण! क्षमस्व.’ सुधारून ९ मात्रा. पुन्हा निरीक्षण, पुन्हा क्षमा. एवढी नम्रता नागपुरी माणसाला सोसत नाही. इथे चूक काढली की समोरचा आधी ‘काऊन?’ (का म्हणून?) म्हणतो, मग भांडतो आणि शेवटी तर्रीपोहे खाऊ घालतो.

भाचा म्हणाला, “मामा, एबीसी लिपीत माग. ख्रिस वॉलशॉ नावाच्या माणसाची आहे. अक्षरं म्हणजे स्वर, उभ्या रेघेनं विभाग, आणि संगणक वाजवूनही दाखवतो.” ताल १०/८ सांगितला. सुरुवात चोख झाली. मग गाडी थेट आयर्लंडला, सहा-सहाच्या ठेक्यात. या लिपीत आयरिश चाली ढिगानं आहेत, आणि हे यंत्र मोजत नाही, पुढे काय येईल त्याचा अंदाज बांधतं, असं भाच्यानं समजावलं. आमच्या समितीचा हिशेबही असाच चालतो, पण ती कोजागरीला काय गायचं ते ठरवते, म्हणून गप्प बसलो.

शेवटी यंत्राच्या चालीचा कागद तबलेवाल्या काकांपुढे ठेवला. त्यांनी बोटांवर मोजलं, चष्मा पुसला, पुन्हा मोजलं. मी यंत्राला विचारलं, ही अकरावी मात्रा कशाची? ते म्हणालं, हा रुद्रताल आहे. आता रुद्रताल ११ मात्रांचा असतो, हे खरंच!

“आन् खालच्या ओळीत नऊ काऊन हायेत जी?” काकांनी विचारलं.

‘अगदी अचूक निरीक्षण!’

काकांनी हातोडी उचलली. “त्याले म्हना, सम तू दाखव, मी येतो.”