फाडफाड इंग्रजी आणि सेल्सची मुलाखत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. सॉफ्टवेअर कंपन्यांतल्या सेल्सच्या पहिल्या नोकरीबद्दल लिहून मी डोंबिवली-कल्याणच्या बीकॉम मुलांना खोटी आशा लावतोय, शेवटी फाडफाड इंग्रजी बोलणाराच निवडला जातो, असं तुमचं म्हणणं. तुमचा मुलगा पवईतल्या एका कंपनीतून वीस मिनिटांत परत आला, तेही तुम्ही लिहिलंय. त्याचं वाईट वाटलं. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

या पहिल्या पायरीच्या नोकरीत सौदा पूर्ण करायचा नसतो. गिऱ्हाईक होऊ शकतील अशा कंपन्या शोधायच्या, फोन-ईमेल करायचे, गरज खरी आहे का ते चाचपायचं आणि वरिष्ठांशी मीटिंग ठरवून द्यायची. डेमो, किंमत, करार हे सगळं पुढच्यांचं काम. म्हणूनच मी अशा मुलाखती घेतो तेव्हा सगळ्यात जास्त वेळ मॉक कॉलला, म्हणजे विक्रीच्या लुटूपुटूच्या फोनला देतो.

समजा, मी भिवंडीतला गोदाम-मालक झालो. समोरच्याने मला स्टॉकचं सॉफ्टवेअर विकायचंय. मी म्हणतो, "आमचं टॅलीवर चालतंय, नको." अस्खलित बोलणारी बरीच मुलं इथे आपल्या सॉफ्टवेअरचे गुण धडाधड सांगत सुटतात. एखादा मुलगा मात्र थांबतो आणि विचारतो, "माल आला की नोंद लगेच होते, की संध्याकाळी एकदम?" मग मलाच बोलावं लागतं. त्याचं इंग्रजी अडखळत असेना का, तो पुढे जातो.

कॉल झाल्यावर मी एखादी चूक दाखवतो आणि तोच कॉल पुन्हा करायला लावतो. दुसऱ्या वेळी काही बदललं का, हे मला पहिल्या कॉलपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. कारण रोज नकार ऐकायच्या या कामात सांगितलेलं लगेच उचलणारा माणूसच तग धरतो.

इंग्रजी लागतच नाही, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत विकणाऱ्या कंपनीत ते चांगलंच लागतं, आणि न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ ते साडेदहा तास मागे असल्यामुळे संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत बसावं लागतं. शेवटच्या लोकलचा विचार करूनच तिथे अर्ज करावा. पण चाकण, वापी, भिवंडीच्या कारखानदारांना विकणाऱ्या कंपनीत हिंदी-मराठी हेच भांडवल असतं. थोडी गुजराती येत असेल तर फारच उत्तम.

पगाराबद्दल तुम्ही लिहिलेलं मात्र खरं आहे. सीटीसीचा, म्हणजे कंपनी वर्षाला तुमच्यावर करणार असलेल्या एकूण खर्चाचा आकडा मोठा दिसतो, त्यातला बराचसा भाग व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असतो. म्हणून मुलाने न लाजता विचारावं : फिक्स्ड किती? इन्सेन्टिव्ह मीटिंग ठरल्यावर, की ती प्रत्यक्ष झाल्यावर? गेल्या तिमाहीत टीममधल्या किती जणांनी टार्गेट गाठलं? इथे उडवाउडवीची उत्तरं आली तर ती नोकरी सोडून द्यावी. आणि ट्रेनिंगच्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर सरळ उठून यावं.

त्या वीस मिनिटांत मुलाला मॉक कॉल दिला होता का, तेवढं विचारून कळवा. दिला नसेल, तर त्याची पारख झालीच नाही असं मी समजेन. दिला असेल, तर त्याने पहिलं वाक्य काय बोललं ते लिहा. त्यावर पुढे बोलू.