ओटीपी मागणारा चोर

"ओटीपी मागतोयस व्हय? नातवानं सांगितलंय मला, ओटीपी मागणारा चोरच असतोय. ठेव फोन!"

बोलण्यावरून कोल्हापूर-सांगलीकडच्या आजी असाव्यात. आणि चोर म्हणजे मी. गंमत अशी की गेल्या चौदा वर्षांत माझं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं लिखाण कोणतं, तर 'ओटीपी कुणालाही सांगू नका, समोरचा कितीही गोड बोलला तरी'. मी त्या दिवशी आजींशी लई गोड बोलत होतो.

जिंतूरला माझं कॉम्प्युटर सेंटर आहे. एमएस-सीआयटीचे क्लास, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म. २०११ पासून मराठीत टेक्नॉलॉजीवर लिहितो, आधी फुकटच्या ब्लॉगवर, मग स्वतःचं डॉट कॉम, म्हणजे वेबसाइटचं नाव, घेऊन. विषय मोठे नाहीत. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधला अर्ज कुठंही वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये कसा आणायचा, रानात मधोमध उभं असूनही ई-पीक पाहणीचं ॲप 'तुम्ही गटापासून लांब आहात' म्हणायला लागलं तर काय करायचं, असलं. जाहिरातीतून लाइटबिल निघायचं. कधी तेही नाही. पण रात्री दहाला शटर ओढून लिहायला बसायचं, ही सवय अंगात मुरलेली.

मे महिन्यात पुण्याला लग्नाला गेलो आणि मावसभावाच्या लॅपटॉपवर मेल उघडायला गेलो. 'हे तुम्हीच आहात याची खात्री करा.' खाली लिहिलेलं, अमुक नंबरवर कोड पाठवलाय. नंबरचे शेवटचे दोन आकडे बघूनच पोटात गोळा आला. तो माझा जुना नंबर. रिचार्ज महाग व्हायला लागले तसा मी दुसऱ्या सिमकडं हात आखडता घेतला आणि ते कधी बंद पडलं, कळलंही नाही. बंद झालेला नंबर ९० दिवस कुणाला देत नाहीत, त्यानंतर तो नव्या माणसाला मिळू शकतो, हे मीच कधीतरी लिहून ठेवलेलं. म्हणून तर त्या नंबरवर फोन लावला. पुढचं वर आलंच आहे.

आजींचं काही चुकलं नाही. त्यांनी कोड सांगितला असता तर माझं काम झालं असतं, पण मला त्यांची काळजी वाटली असती.

मग फॉर्म. खातं कोणत्या महिन्यात उघडलं? शेवटचा आठवणारा पासवर्ड कोणता? भरून पाठवला की दोन मिनिटांत उत्तर, 'खातं तुमचंच असल्याची खात्री पटली नाही.' खात्री कुणाला पटवायची, तर माणूस कुठंच नाही. पैसे गेले असते तर १९३० ला फोन लावला असता, सायबर पोलिसांकडं गेलो असतो. इथं चोरी झालीच नव्हती. खातं होतं तिथंच होतं, कुलूपही माझंच, फक्त किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे म्हणून सांगतो. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे या मेलवाल्या कंपन्यांना भारतात तक्रार अधिकारी ठेवावा लागतो. त्यानं २४ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत ती निकाली काढायची. त्यानं समाधान नाही झालं तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडं जाता येतं. २०२३ पासून त्याचं पोर्टल चालू आहे, सगळं ऑनलाइन. मी गेलो. तक्रार अधिकाऱ्याकडून आधी ठरीव साच्याचं उत्तर आलं, मग अपील टाकलं.

तेवढ्यात डॉट कॉमची मुदत संपली. नूतनीकरणाच्या आठवणीचे मेल जायचे कुठं? त्याच बंद खात्यात. ज्यांच्याकडून नाव घेतलं होतं त्यांना फोन केला. पोरगी बिचारी फार नम्र होती. म्हणाली, "सर, काळजी करू नका, तुमच्या नोंदणीकृत ईमेलवर लिंक पाठवते." मी म्हणलं, "ताई, तेच तर उघडंना." ती म्हणाली, "मग ईमेल बदलायची रिक्वेस्ट टाका सर." कशी टाकायची? लॉगिन करून. लॉगिन कसं करायचं? ईमेलनं.

डॉट कॉमचं नाव मुदत संपली की लगेच जात नाही. काही दिवस नेहमीच्या भावात मिळतं. मग ३० दिवस दंड भरून सोडवता येतं. मग शेवटचे पाच दिवस कुणाच्याच हातात काही नसतं आणि त्यानंतर जो पहिला येईल त्याचं. हे पण मी लिहिलेलं होतं. तारखा कॅलेंडरवर खुणा करून बघत बसलो, जसं पाऊस लांबल्यावर कोमेजणारं सोयाबीन बांधावरून बघत बसतात.

गेलं नाव. ऑगस्टमध्ये बोरीचे एक काका सेंटरवर आले. "सर, तुमचं ते उघडलं की रमी खेळा म्हणायलंय. तुम्ही कधीपासून हा धंदा सुरू केला?"

हसू आलं, पण हसण्यासारखं नव्हतं. आणि खरा धक्का याच्याही पुढचा आहे. आमच्याकडं म्हाताऱ्या माणसांची खाती आम्ही सेंटरवालेच काढून देतो. त्यांचा मेल नसतो, नंबर पुण्यात कामाला असलेल्या पोराचा असतो. मग 'रिकव्हरी ईमेल', म्हणजे पासवर्ड विसरला तर जिथं कोड येतो तो मेल, या रकान्यात काय टाकायचं? मी माझा टाकत गेलो. वर्षानुवर्षं. मला वाटायचं मदत करायलोय. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर एकेक जण यायला लागला, "पासवर्ड इसरलाय सर, तेवढं काढून द्या," आणि त्या सगळ्यांच्या किल्ल्या माझ्याच बंद खात्यात पडलेल्या. एक मेल बंद पडला आणि निम्म्या गावाची दारं लागली. कंपनीला शिव्या देत होतो तोवर बरं वाटत होतं. त्या दिवशी कळलं, मीही तेच केलंय, फक्त प्रेमानं.

कंपनीच्या बाजूनं थोडं बोलतो, चिडू नका. माझ्या गयावया ऐकून तिनं खातं उघडलं असतं, तर उद्या दुसरा कुणी माझ्या नावानं गयावया करून ते उघडून घेईल. कडक असू द्या. पण खातं उघडताना फक्त मोबाइल नंबर मागायचा, 'पुढे' दाबलं की झालं म्हणायचं, आणि बाकी सगळं सेटिंगच्या सातव्या पानावर लपवायचं, हे मला पटत नाही. आपल्याकडं नंबर म्हणजे कायमचा पत्ता नाही. तो पोरासंगं पुण्याला जातो, रिचार्जअभावी मरतो, सून घेऊन जाते.

खातं परत कसं मिळालं, तर अपिलाचा निकाल यायच्या आधीच. ओळखीच्या कॉम्प्युटरवरून, नेहमीच्या जागेवरून प्रयत्न केला तर जमायची शक्यता वाढते, हे माहीत होतं. सेंटरच्या माळ्यावर जुना डेस्कटॉप पडला होता, दहा वर्षं मी त्याच्यावरच लिहिलं. खाली काढला, फुंकरी मारून धूळ उडवली. पहिल्यांदा चालूच होईना. रॅम काढून, खोडरबरानं पाय घासून परत बसवली. विंडोज वर आलं आणि लाइट गेली. पाऊण तासानं आली. ब्राउझर उघडला, लॉगिनच्या पानावर गेलो, तर यावेळी त्यानं नंबर विचारलाच नाही, फक्त जुना पासवर्ड मागितला. तो माझ्या बोटांना पाठ होता.

डॉट कॉम गेलं ते गेलंच. लिखाणातलं बरंचसं खात्यात कॉपी म्हणून सापडलं, फोटो नाहीत. दुसऱ्याच्या रानात बटईनं पेरायचं तर निदान बियाणं तरी घरात ठेवावं, एवढी अक्कल मला नव्हती. आता महिन्याला एकदा सगळं उतरवून दोन पेनड्राइव्हवर ठेवतो. एक सेंटरात, एक घरी देवघराच्या खणात. लॉगिनचा कोड मेसेजवर नाही, मोबाइलमधल्या ऑथेंटिकेटर ॲपवर घेतो. दर ३० सेकंदांला सहा आकडे बदलतात, त्याला ना सिम लागतं ना रेंज. येलदरीकडं रेंज नसलेल्या ठिकाणीही आकडे दिसतात. फक्त मोबाइलचं घड्याळ बरोबर पाहिजे.

आणि बाजारच्या दिवशी एकेकाला बोलावून माझा मेल त्यांच्या खात्यातून काढून टाकायलोय. जमेल त्याला राखीव कोड छापून देतो, मोबाइल हाताशी नसला तरी खातं उघडायला. दहा कोड, प्रत्येक एकदाच चालतो.

परवा एका आबांना कागद दिला. त्यांनी धोतराच्या सोग्याला हात पुसले, कागद चार घड्या करून प्लास्टिकच्या पिशवीत घातला, सातबारा, आठ-अ आणि पासबुकाच्या मधोमध. मग परत बाहेर काढला, उलटासुलटा करून बघितला.

"सर, ह्याच्यावर शिक्का नाही का मारावा लागत?"