रोज मरी

आमच्या घरात तहानेनं कुणी मेल्याचं ऐकिवात नाही. रोझमेरीच्या दोन रोपांचा जीव मात्र आम्ही पाणी पाजून घेतला, आणि पाजणाऱ्यांत माझी सख्खी आई होती.

पहिलं रोप चिरंजीवांनी बेंगळूरहून बसमधून मांडीवर घेऊन आणलं. बटाट्याच्या फोडींवर ही पानं घालून भाजली की काय लागतं म्हणे! जाताना त्यानं बजावलं, "पप्पा, हिला पाणी कमी लागतं. घालायचं विसरलात तरी चालेल." आता नुकत्याच रिटायर झालेल्या माणसाला विसरायला सांगणं म्हणजे काय? सकाळी पेपर संपला की दुपारच्या जेवणापर्यंत मला आठवण्याव्यतिरिक्त दुसरं कामच नसतं.

आईनं पान चुरगाळून हुंगलं, "निलगिरीगत वास येतोय की," म्हणाली आणि नाव विचारलं. रोझमेरी. तिनं ते एकदा तोंडात घोळवलं आणि 'रोजमरी' करून टाकलं. पुढं जे झालं ते पाहता म्हातारीची जीभ काळी आहे असं मला वाटायला लागलंय.

घोळ खरं तर माझ्यामुळंच झाला. कौतुकानं मी सांगून बसलो की ही तुळशीच्याच कुळातली. झालं! तुळशीची भावकी म्हटल्यावर पूजेनंतरचा तांब्या दोघींत वाटला जाऊ लागला. मी परोपरीनं सांगितलं, आई, हिचं माहेर भूमध्य समुद्राकाठचं, तिथल्या कोरड्या, खडकाळ टेकड्यांवरचं. हिची पानं बघ, सुईसारखी, कडा आत वळलेल्या, खालच्या अंगाला पांढरी लव. सगळी सोय पाणी उडून जाऊ नये म्हणून. हिच्या लॅटिन नावाचा अर्थच 'समुद्राचं दव'. आई म्हणाली, "मग दव तरी रोज पडतंयच की."

त्या लॅटिन नावाचीही गंमतच. पिढ्यान्‌पिढ्या ती रोझमॅरिनस होती. 2017 साली शास्त्रज्ञांनी तिला साल्विया वंशात टाकलं आणि ती साल्विया रोझमॅरिनस झाली. आम्हाला याचं काही नवल नाही. 1 नोव्हेंबर 2014 ला आमचं गाव कागदोपत्री बेळगावचं बेळगावी झालं, तरी आम्ही पत्ता विचारणाऱ्याला जे सांगायचं तेच सांगतो. रोझमेरीनंही तेच धोरण ठेवलेलं दिसतंय.

पण रोपाचा खरा काळ तांब्यात नव्हता, नळात होता. शहराला पाणी राकसकोप आणि हिडकल धरणांचं. आमच्या गल्लीत ते पाळीनं येतं. नळ आला की घरात लग्नघर होतं. पिंप, घागरी, कळश्या, बादल्या, फिल्टरच्या बाटल्यासुद्धा आधी रिकाम्या करायच्या, कारण आत आहे ते 'शिळं' पाणी. काल ज्या पाण्याचा एक पेला सांडला म्हणून नातवाला धपाटा मिळाला, तेच पाणी आज शिळं. गटारात ओतायला जीव होत नाही, मग जातं कुठं? झाडांना. जास्वंद, कढीपत्ता, आळू सगळे तयारीचे गडी, पिऊन ढेकर देतात. त्यांच्याच पंक्तीला ही बाई बसलेली. तिच्या वाट्याला दर पाळीला एक कळशी, वर तांदूळ धुतलेलं पाणी, कारण 'त्यात सत्त्व असतं'.

पंधरा-वीस दिवसांत शेंडे तपकिरी झाले. बायको म्हणाली, "अहो, सुकायलीय ती. पाणी कमी पडतंय." इथं भलेभले फसतात. मुळं पाण्यात बसून कुजली की त्यांना पाणी ओढता येत नाही, आणि रोप तहानल्यासारखंच माना टाकतं. म्हणजे बुडणारा माणूस आणि तहानलेला माणूस हाका सारख्याच मारतात, आणि आम्ही दोघांनाही तांब्याच देतो. दिला. ती मेली. पण मेल्याचं कळलंच नाही, कारण ही बाई गेल्यावरही उभीच्या उभी राहते आणि वासही तोच देते. मढ्याला आम्ही आणखी पंधरा दिवस पाणी घालत होतो.

दुसऱ्या वेळी मी अभ्यास करून उतरलो. प्लॅस्टिकची कुंडी गेली, मातीची आली, भोकावर खापरी ठेवली, आमच्या तांबड्या मातीत भरपूर वाळू मिसळली. कुंडीखालची ताटली काढून टाकली. नियम असा: बोट दोन पेरं मातीत खुपसायचं, आत ओल लागली तर गप्प हात धुवायचे. कोरडं लागलं तरच पाणी, पण मग चमचाभर नव्हे, खालच्या भोकातून वाहीपर्यंत. आणि पुन्हा वाळेपर्यंत हात लावायचा नाही. मी सकाळ-संध्याकाळ बोट खुपसायचो. बायकोनं एकदा विचारलं, "ताप बघताय काय?"

घरच्यांसाठी कुंडीला पाटी टांगली. फलक कुठल्या भाषेत हा आमच्याकडचा जुना प्रश्न. मी दोन्हींत लिहिला. वर मराठीत 'पाणी घालू नये', खाली कन्नडमध्ये 'नीरु हाकबेडरी'. जून सरला आणि पाऊस लागला. घाटमाथ्याच्या या कुशीत तो लागला की लागतोच. वाळत घातलेला टॉवेल चार दिवस ओला असतो, तिथं कुंडी काय वाळणार? मी तिला पडवीत आत ओढली आणि दोन दिवस निपाणीला लग्नाला गेलो. येऊन बघतो तर कुंडीत तळं! पावसाच्या उडत्या शिंतोड्यांनी खडू धुतला होता. मराठी ओळ पार गेली होती. कन्नड ओळीतला नेमका मधला 'बेड', म्हणजे 'नको', तेवढा वाहून गेला होता आणि उरलं होतं 'नीरु हाक री': पाणी घाला हो. शेजारच्या अक्कांनी दोन्ही दिवस इमानानं घातलं. "भर पावसात पाणी कशाला म्हणून मला बी नवल वाटलं," त्या म्हणाल्या, "पण तुम्हीच लिहून ठेवलंय की वो!"

तिसरं रोप दिवाळीनंतर आणलं. आता मी बोटही खुपसत नाही, कुंडी उचलून वजनावरून ओळखतो. जड असेल तर ठेवून देतो. आई रोज विचारते, "घातलंस काय रे पाणी?" मी रोज "घातलं" म्हणतो. साठी उलटल्यावर आईशी खोटं बोलायची ही नवी सवय.

मागच्या महिन्यात मुलीकडं पुण्याला आठ दिवस राहून आलो. येताना मनाची तयारी केली होती. कुंडीजवळ गेलो तर नवे शेंडे, टवटवीत! आई मागं येऊन उभी राहिली, तोंड उतरलेलं. "रागवू नकोस. कुठं तरी पाइप फुटलाय, आठ दिवस नळच नाही. प्यायलाच पुरेना, हिला थेंबभर मिळालं नाही रे." मी तिला आमच्या बेळगावची मिठाई, कुंदा, भरवायचाच बाकी होतो.

रात्री अकराला नळानं घशातून आवाज काढला. स्वयंपाकघरात भांडी वाजू लागली, बायकोनं पिंप आडवं केलं. "हे शिळं कुठं ओतू गं?" आईचा आवाज आला.

मी चप्पल न घालता पडवीत पळालो. आता कुंडी माझ्या उशाशी आहे आणि दाराला आतून कडी.