'क्रॅश'मधले योगायोग मला कधीच खटकले नाहीत, खटकलं ते वेगळंच

काल रात्री 'क्रॅश' परत बघितला. दिग्दर्शक पॉल हॅगिसचा, २००६ च्या ऑस्करला 'ब्रोकबॅक माउंटन'ला मागं टाकून बेस्ट पिक्चर घेऊन गेला आणि तेव्हापासून शिव्या खातोय तो. लॉस एंजेलिसमधली जेमतेम दीड दिवसाची गोष्ट, पोलीस, सरकारी वकील, दुकानदार, कुलूपवाला, गाड्या पळवणारी पोरं, सगळे कुठेतरी एकमेकांवर आदळतात आणि पोटातला वंशाचा आकस तोंडावर येतो.

समीक्षक यावर कडाकडा भांडले. रॉजर ईबर्टनं त्याला २००५ च्या सगळ्यात चांगल्या सिनेमांच्या यादीत पहिला नंबर दिला, स्कॉट फाउंडसनं त्यालाच वर्षातला सगळ्यात वाईट म्हटलं, मग ईबर्टनं बचावात अख्खा लेख लिहिला. पुढं खुद्द हॅगिसनंच सांगितलं की त्या वर्षाचा सगळ्यात चांगला सिनेमा आपला नव्हता.

मुख्य तक्रार काय तर योगायोग फार. एवढ्या अफाट शहरात तोच पोलीस त्याच बाईला दोनदा कसा भेटतो. अरे, आम्ही देवळापुढच्या मांडवात उत्सवातली नाटकं बघत वाढलो, पहिल्या अंकात हरवलेला भाऊ तिसऱ्या अंकात दारात उभा राहिला की हा इथं कसा पोचला असं कुणी विचारत नाही, त्याला बघून आईचं काय होतं ते बघायला मांडव गप्प होतो. योगायोग चालतो, त्यानंतर माणूस खरा वागला पाहिजे एवढंच.

आणि काही ठिकाणी तो खरा वागतो हो. सँड्रा बुलक घरात कुलूप बदलून घेते आणि कुलूपवाला ऐकत असताना नवऱ्यावर ओरडते की उद्या सकाळी परत सगळी कुलपं बदला, हा चाव्या आपल्या गँगवाल्यांना विकणार. तो तासलेल्या डोक्याचा, टॅटूवाला पोरगा एक शब्द बोलत नाही, जाताना चाव्या तिच्यासमोर ठेवतो. मला तिथं दरवेळी आमचं फोंड्याचं घर दिसतं. दाराचं कुलूप बिघडलं म्हणून बाजारातल्या चावीवाल्याला बोलावलं होतं, कर्नाटकातून आलेला, पंचविशीतला असेल, आणि मावशी त्याच्या देखत कोकणीत म्हणाली, "भायलो तो, एक चावी आपणाकडेन दवरतलो," म्हणजे बाहेरचा आहे, एक चावी स्वतःकडं ठेवणार. त्याला कळणार नाही असं तिला वाटलं. त्यानं तिन्ही चाव्या सोप्यावर एकेक करून मांडल्या, मोजून दाखवल्या, पैसे घेतले नि गेला. मी तिथंच उभा होतो, काहीच बोललो नाही, ते अजून सलतं. त्यामुळं हा सिनेमा खोटा आहे असं कुणी सरसकट म्हटलं की मला राग येतो.

पण एक टीका मान्य केलीच पाहिजे, आणि ती योगायोगाची नाही. मॅट डिलनचा पोलीस झडतीच्या नावाखाली नवऱ्यासमोर त्या बाईच्या अंगावर हात फिरवतो. दुसऱ्या दिवशी तिचीच गाडी उलटते, पेट्रोल गळतंय, आणि आत शिरणारा नेमका हाच. ती किंचाळते, मला हात लावू नको, दुसरा कुणीतरी पाठवा. ती बाई झालेल्या थँडी न्यूटननं ते जे केलंय ते बघवत नाही. मग तो तिला ओढून बाहेर काढतो, म्युझिक वर चढतं आणि सिनेमा त्याचा होऊन जातो. घरी त्याचा आजारी बाप आहे, लघवीच्या त्रासानं रात्रभर जागा असतो, हे आपल्याला आधीच दाखवून ठेवलंय म्हणजे त्याला समजून घ्यायची पूर्ण सोय. मॅट डिलनला ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, छानच काम केलंय, प्रश्न तो नाही. एवढ्या दहा-बारा माणसांना थोडी थोडी गोष्ट वाटून दिली तर तिच्या वाट्याला काय आलं? अपमान त्याच्याकडून आणि जीवही त्याच्याकडूनच. लोक तिला धरून घेऊन जातात तेव्हा ती मान वळवून त्याच्याकडं बघते, आणि त्या बघण्यात काय आहे ते विचारायला सिनेमा थांबतच नाही, लगेच दुसऱ्या गोष्टीवर उडी मारतो.