दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: रात्री आईंना कुशीवर का वळवत होतो

नमस्कार दादा, रिव्ह्यू पूर्ण वाचला. आईंच्या खुब्याच्या ऑपरेशनच्या बिलात फोम ड्रेसिंगचे (कातडीवर दाब कमी पडावा म्हणून चिकटवतात ती मऊ पट्टी) वेगळे पैसे लावले, रात्री सारखं वळवून सिस्टरनी त्यांना झोपू दिलं नाही आणि तुम्ही मेडिकलमधून आणलेली, बुडाखाली ठेवायची हवेची रिंग काढून ठेवली, असं तुमचं म्हणणं आहे. आईंचे रिपोर्ट मी इथं लिहिणार नाही, तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो.

हे सगळं बेडसोअर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, टाळण्यासाठी होतं. हा महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा आजार असं सगळ्यांना वाटतंय, पण बऱ्याच वेळा त्याची सुरुवात ऑपरेशन टेबलवरच होते. आपण झोपेतसुद्धा अंग दुखलं की कूस बदलतो, भूल दिल्यावर दुखणंच कळत नाही, स्पायनल (पाठीच्या कण्यात दिलेली भूल) असलं तर कमरेखालचं सगळं बधिर, त्यात बीपी उतरलेलं आणि थिएटर थंड, मग हाड आणि टेबल यांच्यात दबलेल्या मासाला रक्तच पोचत नाही. खुब्याच्या पेशंटला कुशीवर घेतलं तर भार येतो चांगल्या बाजूच्या खुब्यावर, खांद्यावर आणि घोट्यावर, म्हणून तिथं जेल पॅड लागतो. तो आमचाच असतो, त्याचे पैसे आम्ही लावत नाही. फोम ड्रेसिंग मात्र एका पेशंटला लावलं की दुसऱ्याला चालत नाही, बिलात आहे ते तेवढंच.

आणि यातली खरी भीती अशी की थिएटरमधून बाहेर येताना कातडी चांगली दिसते, दोन-तीन दिवसांनी माकडहाडाजवळ जांभळट डाग उमटतो आणि तोवर आतलं मास खराब झालेलं असतंय. आपल्या सावळ्या रंगावर लाली पटकन दिसतही नाही. म्हणून सिस्टर ड्रेसिंगची कड उचलून हाताच्या मागच्या बाजूनं बघतात, बाजूच्या कातडीपेक्षा गरम लागतंय का, कडक लागतंय का, आणि परत तेच ड्रेसिंग चिकटवतात. रात्री तुम्ही बघितलं ते हेच. पायात उशी देऊन थोडंसं तिरकं करतात, पोटऱ्यांखाली उशी सरकवून टाचा अधांतरी ठेवतात. झोपमोड होते हे मला मान्य आहे, पण म्हातारं माणूस, पडल्यापासून पाठीवरच, वर शुगर असली तर ही जखम भरायला महिने लागतात आणि कधीकधी हाडापर्यंत जाते. त्यापुढं रात्रीची झोपमोड मी पत्करेन, माझी आई असती तरी.

रिंगचं सांगतो. ती मधली जागा मोकळी ठेवते पण कडेनं गोल दाब देते, त्यामुळं मधल्या भागाचा रक्तपुरवठा उलट कमी होतो. बेडसोअरबद्दलच्या 2019 च्या आंतरराष्ट्रीय गाईडलाईनमध्येही रिंग वापरू नका असंच आहे. कृपा करून घरीही वापरू नका, आणि लाल झालेल्या जागी खोबरेल लावून चोळूही नका, आतलं नाजूक मास आणखी दुखावतं.

पथ्य म्हणून नुसत्या पेजेवर ठेवू नका. किडनीचा त्रास नसेल तर अंडी, डाळ, दूध, खात असतील तर मटणाचे मऊ तुकडे द्या, रश्श्यावर भागवू नका. चादरीला चुणी राहू देऊ नका, ओली झाली की लगेच बदला. रोज अंघोळीच्या वेळी टाचा आणि माकडहाड उजेडात बघा, आणि बोटानं दाबल्यावर पांढरी न होणारी लाली किंवा जांभळट डाग दिसला तर टाके काढायच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी घेऊन या. त्या तपासणीचे पैसे घेणार नाही.