सिलिकॉन रबराचा ताठपणा एका भागाकाराने सांगता येत नाही

सिलिकॉन रबराविषयी एक दावा विद्यार्थ्यांच्या टिपणांत आणि चित्रफितींत पुन्हापुन्हा आढळतो. घनता, वायुस्थिरांक आणि केल्विनमधले तापमान यांचा गुणाकार करावा, त्याला दोन जोडबिंदूंमधल्या (साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात त्या जागांमधल्या) साखळीच्या रेणुभाराने भागावे, की रबराचा दृढता गुणांक, म्हणजे ताठपणाचे माप, हाती येतो. क्रॉसलिंकर (साखळ्यांना जोडून त्यांचे जाळे बनवणारे द्रव्य) वाढवला की रबर त्या प्रमाणात ताठ आणि कमी केला की हवे तितके मऊ होते. आणि हिशेब इतका नेमका असल्यामुळे नमुना मोजण्याची गरज उरत नाही. सूत्र टाकाऊ आहे असे माझे म्हणणे नाही, कारण रबराची स्थितिस्थापकता साखळ्यांच्या एंट्रॉपीतून (विस्कळीत राहण्याच्या ओढीतून) येते हे त्यातले मर्म पक्के आहे. मात्र त्याच्या आधारे काढलेले हे तिन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे सूत्र एकच नाही. दाव्यातले सूत्र असे गृहीत धरते की रबर ताणल्यावर प्रत्येक जोडबिंदू संपूर्ण तुकड्याच्या प्रमाणातच सरकतो. जेम्स आणि गुथ यांनी १९४० च्या दशकात मांडलेल्या फँटम प्रतिमानात जोडबिंदू आपल्या जागेभोवती हेलकावे घेतात आणि त्यामुळे ताठपणा घटतो. दहा हजार रेणुभाराच्या साखळ्यांसाठी खोलीच्या तापमानाला पहिले सूत्र सुमारे २४० किलोपास्कल देते, तर फँटम प्रतिमान चार फाट्यांच्या (चार साखळ्या एकत्र येणाऱ्या) जोडबिंदूंसाठी १२० आणि तीन फाट्यांसाठी ८० किलोपास्कल देते. साखळ्या त्याच असताना उत्तरे तीन येतात, आणि त्यांतले कोणते घ्यायचे हे रेणुभार सांगू शकत नाही.

दुसरे, पाककृतीतल्या सगळ्या साखळ्या भार उचलत नाहीत. साखळ्यांची व्हिनाइल टोके आणि क्रॉसलिंकरवरचे सिलिकॉन-हायड्रोजन गट यांची प्लॅटिनमच्या साहाय्याने होणारी अभिक्रिया क्वचितच शंभर टक्के पूर्ण होते. मिलर आणि मकॉस्को यांनी १९७६ साली दिलेल्या पद्धतीने चार फाट्यांच्या जाळ्याचा हिशेब केला, तर केवळ ५ टक्के टोके सुटी राहिल्यास फँटम गुणांक सुमारे पाचव्या हिश्शाने घटतो आणि १० टक्के राहिल्यास जवळपास दोन पंचमांशाने. शिवाय काही साखळ्यांची दोन्ही टोके एकाच जोडबिंदूला चिकटतात. असा फास स्वतः भार घेत नाहीच, शेजारच्या साखळ्यांनाही ढिला करतो. एमआयटीतील जॉन्सन आणि ओल्सेन यांच्या गटाने २०१६ साली असे फास मोजून त्यांचा परिणाम सिद्धान्तात बसवला. त्यांचे प्रयोग सिलिकॉनवर नव्हे, तर पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या जेलवर होते, पण फासाचा भूमितीय परिणाम रसायनावर अवलंबून नसतो.

दाव्याला सर्वांत मोठा धक्का बसतो तो गुंत्यांमुळे. लांब साखळ्या एकमेकींच्या आरपार जाऊ शकत नाहीत, आणि जाळे तयार होताना त्यांच्यातले गुंते कायमचे अडकून पडतात. पॉलिडायमिथाइलसिलोक्सेनमध्ये, म्हणजे या रबराच्या साखळ्या ज्याच्या असतात त्या पॉलिमरमध्ये, साधारण बारा हजार रेणुभारापासून ते प्रभावी ठरू लागतात. एक लाख रेणुभाराच्या साखळ्या घेतल्या तर दाव्यातले सूत्र २४ किलोपास्कल सांगते. प्रत्यक्षात चांगल्या जुळलेल्या जाळ्याचा गुणांक सुमारे २०० किलोपास्कलच्या आसपास थांबतो, म्हणजे अंदाज आठपटीने चुकतो. गुंत्यांचा वाटा मानायचा की नाही यावर जाणकारांत अनेक वर्षे वाद होता. लँग्लीने १९६८ साली अडकलेल्या गुंत्यांचे वेगळे पद सूत्रात जोडले, आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या सिलिकॉन जाळ्यांच्या मोजमापांनी त्या पदाची बाजू भक्कम केली. म्हणूनच साखळ्या लांबवून ‘हवे तितके मऊ’ रबर मिळत नाही. क्रॉसलिंकर कमी करूनही खरा मार्ग सापडत नाही, कारण तेव्हा सुट्या साखळ्या उरतात आणि रबर चिकट, गळके होते. त्याहून मऊ आणि तरीही कोरडे जाळे हवे असेल, तर साखळीलाच दाट बाजूच्या फांद्या जोडून गुंते विरळ करावे लागतात.

क्रॉसलिंकर वाढवत नेल्यास ताठपणा वाढतच जातो हेही सरसकट खरे नाही. योग्य प्रमाणाच्या पुढे जादा क्रॉसलिंकरच्या रेणूंचे मोजकेच हात गुंततात आणि जाळे पुन्हा ढिले पडू लागते, जरी ओलाव्यामुळे होणाऱ्या दुय्यम अभिक्रिया हा परिणाम काही वेळा झाकून टाकतात. प्रयोगशाळांत सर्रास वापरले जाणारे सिलगार्ड १८४ हे तयार सिलिकॉन रबर घ्या. त्यात सिलिकेचे मजबुतीकरण असते, ज्याचा सूत्रात उल्लेखही नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत त्याच मिश्रणाचा यंगचा गुणांक (ताणाविरुद्धच्या ताठपणाचे माप) २५ अंश सेल्सिअसला पक्व केल्यावर १.३२ मेगापास्कल, तर २०० अंशांना पक्व केल्यावर २.९७ मेगापास्कल आला. मिश्रणाचे प्रमाण जराही न बदलता गुणांक दुपटीहून अधिक झाला.

त्यामुळे ‘मोजण्याची गरज नाही’ हा शेवटचा निष्कर्ष तर उलटाच करायला हवा. भाकीत करता येते, पण त्यासाठी अभिक्रिया किती पूर्ण झाली, टोल्युइन या द्रावकात भिजवल्यावर किती द्रव्य सुटून बाहेर आले आणि साखळ्यांच्या लांबीत किती फरक आहे, या गोष्टी आधी मोजाव्या लागतात. या आकड्यांशिवाय मांडलेला गुणांक हा पाककृतीचा असतो, साच्यातून निघालेल्या रबराचा नव्हे.